प्रकाश साठवायचा म्हणजे नेमकं काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या माझ्या लेखात एका प्रयोगाचं वर्णन होतं. लेझरचा अगदी छोटा स्पंद (पल्स) एका थंडगार स्फटिकात सोडायचा. तो तिथे शोषला जातो, थोडा वेळ काहीच दिसत नाही आणि मग तो त्याच दिशेने, त्याच आकारात पुन्हा बाहेर पडतो. त्यावर इतके नेमके प्रश्न आले याचा मनापासून आनंद झाला. या स्फटिकांच्या सोबतीने प्रयोगशाळेतल्या काळ्या पडद्यांआड माझी कितीतरी वर्षं गेली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषय तिथेच खरा रंगतो.

प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. मग तो स्फटिकात ‘थांबतो’ म्हणजे काय होतं? आरशांमध्ये अडकल्यासारखा तो आतल्या आत फिरत राहतो का? (अकरावीतली एक विद्यार्थिनी)

नाही, फिरत राहत नाही. साठवणीच्या काळात तिथे प्रकाश नसतोच.

तू लिहिलेला वेग बरोबर आहे. आम्ही वापरायचो त्या स्फटिकाची लांबी पाच मिलिमीटरच्या आसपास असते. तेवढं अंतर प्रकाश एका नॅनोसेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात ओलांडतो. स्फटिकात शिरलेला स्पंद आपली ऊर्जा आतल्या आयनांना देतो आणि प्रकाश म्हणून तिथेच संपतो. आता असं समज, की एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा सर्वांत लहान हिस्सा, आत गेला. कोणत्या आयनाने तो घेतला? या प्रश्नाला उत्तरच नाही आणि सगळं मर्म त्यातच आहे. प्रकाशाच्या वाटेवर अब्जावधी आयन असतात. ‘हा उत्तेजित, बाकीचे शांत’, ‘तो उत्तेजित, बाकीचे शांत’ अशा अब्जावधी शक्यता एकाच वेळी, एकमेकींशी ठरावीक नातं राखून अस्तित्वात असतात. हे नातं कलेचं, म्हणजे फेजचं: कोणाचं आंदोलन कोणाच्या किती पुढे आणि किती मागे. फोटॉन कुठल्या दिशेने आला, स्पंदाचा आकार कसा होता, तो केव्हा पोचला, हे सगळं या पुढे-मागे असण्यात नोंदलं जातं. ऊर्जा तर साधा काळा कागदही शोषतो. ही नोंद तो ठेवत नाही.

सगळ्या आयनांची आंदोलनं पुन्हा जुळली, की ते सगळे मिळून प्रकाश बाहेर टाकतात आणि तो नेमक्या मूळ दिशेनेच जातो, कारण बाकीच्या दिशांना त्यांचे वाटे एकमेकांना खोडून काढतात. म्हणून आम्ही जपतो ते ही जुळणी. प्रकाश तिच्यातून पुन्हा तयार होतो.

अंधारात चमकणारे स्टिकर दिवसा प्रकाश घेतात आणि रात्री देतात. ही प्रकाशाची साठवणच नाही का? मग यात नवं काय? (दोघातिघांचा प्रश्न)

प्रश्न फार आवडला, कारण दोन्हीकडे एकच मूलद्रव्य असू शकतं. आजच्या चांगल्या चमकणाऱ्या रंगांमध्ये बहुधा स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतं आणि त्यात युरोपियम मिसळलेलं असतं, सोबत थोडं डिस्प्रोशियम. प्रकाश पडल्यावर सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषस्थानांमध्ये अडकून बसतात आणि खोलीच्या उष्णतेने हलके हलके सुटत राहतात. घरी करून बघा: चमकता स्टिकर फ्रीझरमध्ये ठेवला की मंदावतो, हाताच्या उबेने थोडा उजळतो.

पण इथे कोणता इलेक्ट्रॉन केव्हा सुटेल याला धरबंध नाही. प्रकाश कुठल्याही दिशेला जातो. सकाळच्या उन्हातला प्रकाश आधी आला आणि दुपारचा नंतर, याची कसलीही खूण त्या हिरव्या चमकेत उरत नाही. पडला तो रंगही परत मिळत नाही. ऊर्जा उरली, माहिती गेली. प्रयोगशाळेतल्या स्फटिकातही युरोपियमच असतं, पण त्याच्या आयनावर एक धनभार जास्त असतो आणि तेवढ्याने त्याचा स्वभाव पार बदलतो. असं का, ते पुढच्या एका उत्तरात येईल.

फोटॉन इको हा प्रयोग १९६४ मध्ये झाल्याचं पुस्तकात वाचलं. प्रतिध्वनी म्हणून प्रकाश परत येतच होता, तर क्वांटम साठवणीला पुढे इतकी दशकं का लागली? (भौतिकशास्त्राचा पदवीचा विद्यार्थी)

ज्यांनी हा प्रयोग ऐकलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. स्फटिकातल्या प्रत्येक आयनाभोवतीची अणूंची जाळी किंचित वेगळी ताणलेली असते, त्यामुळे प्रत्येकाची वारंवारता सूक्ष्म फरकाने वेगळी असते. शोषणाच्या क्षणी जुळलेली आंदोलनं म्हणूनच झपाट्याने विसकटतात. समजा, शंभर घड्याळं एकाच क्षणी बाराला लावली, पण प्रत्येक घड्याळ आपल्या ठरावीक खोडीप्रमाणे पुढे किंवा मागे पडणारं आहे. काही तासांनी प्रत्येकात वेगळी वेळ दिसेल. आता एका फटक्यात प्रत्येक घड्याळ जितकं पुढे गेलं होतं तितकं मागे लावा, जितकं मागे होतं तितकं पुढे. खोडी त्याच आहेत. त्यामुळे विसकटायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ पुन्हा गेला, की सगळी घड्याळं एकच वेळ दाखवतील.

एर्विन हान यांनी १९५० मध्ये अणुकेंद्रकांच्या स्पिनवर, म्हणजे त्यांना इवलेसे चुंबक बनवणाऱ्या गुणधर्मावर, ही युक्ती दाखवली. कर्निट, अबेला आणि हार्टमन यांनी १९६४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात माणकाच्या स्फटिकावर ती प्रकाशाने केली. पहिला स्पंद नोंद करतो, दुसरा जोरदार स्पंद घड्याळं उलटी लावतो आणि तेवढ्याच अंतराने स्फटिकातून आपोआप तिसरा स्पंद निघतो.

हा तिसरा स्पंद मी स्वतः पहिल्यांदा ऑसिलोस्कोपवर (बदलते संकेत पडद्यावर रेखाटणाऱ्या यंत्रावर) पाहिला तो क्षण आजही डोळ्यांपुढे आहे. आम्ही पाठवलेल्या स्पंदांची दोन उंच टोकं आणि नंतर, जिथे कोणीच काही पाठवलेलं नव्हतं तिथे, एक बुटकं टोक. पहिल्या दोहोंतलं अंतर वाढवलं की तेही तेवढंच पुढे सरकायचं. ती खुंटी मी कितीतरी वेळ मागे-पुढे फिरवत राहिले.

आता तुमचा प्रश्न. क्वांटम साठवण म्हणजे एकट्या फोटॉनाचीही अवस्था न बिघडवता ठेवणं. घड्याळं उलटी लावणारा स्पंद जोरदार असावा लागतो आणि त्याने निम्म्याहून अधिक आयन उत्तेजित होऊन बसतात. ते मग आपल्या मर्जीने प्रकाश टाकत राहतात. साठवलेला स्पंद लाखो फोटॉनांचा असेल तर या गोंधळाकडे दुर्लक्ष करता येतं. एकच फोटॉन साठवला असेल तर तो त्या गर्दीत हरवतो. तोच परत आला, की शेजारच्या आयनाने सहज टाकलेला दुसराच फोटॉन आपण पकडला, हे सांगता येत नाही.

यावरचे उपाय गेल्या वीसेक वर्षांत सापडले. मला त्यातला सर्वांत देखणा वाटतो तो जिनिव्हा विद्यापीठाच्या गटाचा. मिकाएल अफ्झेलियस, क्रिस्तोफ सिमॉन, ह्यूग्स द रिडमॅटन आणि निकोला जिझँ यांनी २००९ मध्ये तो सविस्तर मांडला. पुन्हा घड्याळांकडे या. दिवसाला बरोबर शून्य, एक, दोन, तीन तास पुढे जाणारी घड्याळंच ठेवली आणि बाकीची आधीच बाजूला काढली, तर बारा दिवसांनी सगळ्यांचे काटे आपोआप एकाच जागी येतात. कोणाला हातही लावावा लागत नाही. स्फटिकात हेच करतात: साठवण सुरू होण्याआधी लेझरने नको त्या वारंवारतांचे आयन दुसऱ्या ऊर्जा पातळीत ढकलायचे, म्हणजे उरलेल्यांच्या वारंवारता कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावर राहतात. फोटॉन येण्याआधीच सगळी तयारी झालेली असते, म्हणून जोरदार स्पंदाचा गोंधळ टळतो. दातांमधलं अंतर जितकं कमी तितका प्रकाश उशिरा बाहेर.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्यंच का? आणि एवढी थंडी कशासाठी? (रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक)

सर, आवर्तसारणीच्या तळाशी वेगळ्या काढलेल्या त्या ओळीत जे तुम्ही वर्षानुवर्षं शिकवलंत, तेच इथे कामाला येतं. प्रासिओडिमियम, युरोपियम, एर्बियम यांचे तीन धनभार असलेले आयन घ्या. आपल्या कामाचं संक्रमण, म्हणजे एका ऊर्जा पातळीतून दुसरीत जाणं, ४-एफ कवचातल्या इलेक्ट्रॉनांचं असतं आणि त्यांच्या बाहेर ५-एस आणि ५-पी ही पूर्ण भरलेली कवचं पहारा देत असतात. शेजारचे अणू हलले-डुलले तरी आतल्या इलेक्ट्रॉनांना त्याची फारशी झळ लागत नाही. घन पदार्थात असूनही हे आयन जवळजवळ एकटे असल्यासारखे वागतात. स्टिकरमधल्या दोन धनभारांच्या युरोपियमचं संक्रमण मात्र बाहेरच्या ५-डी पातळीपर्यंत जातं, म्हणून ते शेजाऱ्यांच्या प्रत्येक थरथरीत सामील असतं.

आकडा सांगते. यिट्रियम सिलिकेटच्या स्फटिकात हजार-दोन हजार यिट्रियम अणूंमागे एखादा युरोपियमचा आयन बसवतात. त्याला ५८० नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश लागतो. त्या प्रकाशाची वारंवारता सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी कंपनं. एकेका आयनाची स्वतःची रेषा, म्हणजे तो शोषतो तेवढा वारंवारतांचा पट्टा, थंडीत आणि योग्य चुंबकीय क्षेत्रात, १२२ हर्ट्झ इतकी अरुंद मोजली गेली आहे. घन पदार्थात हे घडतं, हे वाचताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

थंडी का? जाळीच्या कंपनांसाठी. तापमान वाढेल तशी ही कंपनं आयनाच्या आंदोलनाला धक्के देतात आणि हा त्रास तापमानाच्या सातव्या घाताने वाढतो. त्यामुळे चार केल्विन (शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअस) आणि दहा केल्विन यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. आम्ही बहुतेक प्रयोग दोन ते चार केल्विनच्या दरम्यान करतो. बंद चक्राचा क्रायोस्टॅट, म्हणजे स्फटिक थंड ठेवणारं यंत्र, असेल तर त्याचा पंप सेकंदाला एखाद्या ठोक्याने धडधडतो आणि त्या धडधडीने स्फटिकही हलतो. मग प्रत्येक मोजणी दोन ठोक्यांमधल्या शांत वेळात बसवायची. काही महिन्यांनी त्या ठोक्यांची लय माणसाच्या चालीत उतरते.

प्रकाशाला उशीरच करायचा असेल तर तो मैलोन्‌मैल फायबरच्या गुंडाळीत का फिरवत नाही? (संगणक अभियंता)

थोड्या वेळासाठी लोक तसंच करतात. पण हिशेब मांडू. फायबरमध्ये, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यात, प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. एक मिलिसेकंद थोपवायचा तर २०० किलोमीटरची गुंडाळी हवी. उत्तम फायबरमध्येही दर १५ किलोमीटरला निम्मा प्रकाश गळतो, म्हणजे २०० किलोमीटरनंतर दहा हजार फोटॉनांमधला एक उरतो. एका सेकंदासाठी पृथ्वीला पाच वेढे बसतील इतकं फायबर लागेल आणि त्यातून काहीही बाहेर येणार नाही.

दुसरी अडचण मला त्याहून मोठी वाटते. गुंडाळीत वेळ आधीच ठरलेला असतो. फोटॉन आत गेल्यानंतर ‘आता दे’ असं आपण सांगू शकलो, तरच तिला साठवण म्हणावं असं मला वाटतं.

चीनमध्ये एक तास प्रकाश साठवल्याची बातमी वाचली होती. हे कसं शक्य झालं? (अनेक पत्रं)

हेफेईतल्या चीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. स्फटिक युरोपियमचा. त्याची उत्तेजित पातळी दोन मिलिसेकंदांच्या आसपासच टिकते, मग तास कुठून आला? युक्ती अशी, की प्रकाश शोषला गेल्यावर लगेच दुसऱ्या लेझर स्पंदाने ती नोंद उत्तेजित पातळीतून काढून तळाच्या पातळ्यांमध्ये उतरवायची. युरोपियमच्या केंद्रकाला स्पिन असतो, त्यामुळे तळाची पातळी एकमेकींच्या अगदी जवळच्या पायऱ्यांमध्ये विभागलेली असते. तिथून आयन खाली पडणार कुठे? म्हणून नोंद टिकते. हवं तेव्हा तिसऱ्या स्पंदाने ती पुन्हा वर उचलायची, की प्रकाश बाहेर.

तरी शेजारच्या यिट्रियम अणूंच्या केंद्रकांचे इवलेसे चुंबक सतत उलटसुलट होत असतात आणि त्यांच्यामुळे पायऱ्यांमधलं अंतर डळमळतं. यावरचा तोडगा मूळचा कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठाचा. बाहेरून लावायचं चुंबकीय क्षेत्र अशा नेमक्या दिशेचं आणि ताकदीचं निवडायचं, की थोडंसं कमीजास्त झालं तरी ते अंतर बदलूच नये. अशी जागा सापडते, पण क्षेत्राची दिशा अंशाच्या लहानशा भागाइतकी अचूक लागते. त्यावर रेडिओ लहरींच्या स्पंदांनी वरचेवर घड्याळं उलटी लावत राहायचं. एका तासानंतरही बाहेर आलेल्या प्रकाशाची कला ९६ टक्क्यांहून अधिक जुळत होती.

त्याआधीचे टप्पेही सांगावेत इतके मोलाचे आहेत. कॅनबेराच्या गटाने २००५ मध्ये प्रासिओडिमियमच्या स्फटिकात एका सेकंदाचा टप्पा ओलांडला. जर्मनीत डार्मश्टाट इथे थॉमस हाल्फमन यांच्या गटाने २०१३ मध्ये एक मिनिट गाठलं आणि तीन आडव्या पट्ट्यांचं एक साधं चित्रही तेवढा वेळ स्फटिकात ठेवून परत काढलं. लेझर स्पंदांचा नेमका आकार शोधायला त्यांनी संगणकाला उत्क्रांतीच्या धर्तीवर पर्याय बनवायला आणि गाळायला लावलं होतं. युरोपियमच्या केंद्रकांची आंदोलनं सहा तास टिकतात, हे कॅनबेरातच २०१५ मध्ये दिसलं. तेव्हाच तिथल्या शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं, की इतका वेळ मिळत असेल तर नोंद केलेला स्फटिकच उचलून दुसरीकडे नेता येईल.

एक गोष्ट मात्र बातम्यांमध्ये निसटली आणि ती मला इथे ठामपणे सांगायची आहे. तासभर साठवलेला स्पंद लेझरचा होता, त्यात असंख्य फोटॉन होते. एकेका फोटॉनाची साठवण इतका वेळ झालेली नाही. ते काम मोठं आहेच, पण ‘क्वांटम माहिती तासभर साठवली’ असं छापणं चूक आहे.

एवढा खटाटोप कशाला? फोटॉन आला की मोजून त्याची माहिती साध्या संगणकात ठेवावी आणि पुन्हा नवा फोटॉन बनवावा. (संगणक अभियंता, दुसरा प्रश्न)

हाच प्रश्न सगळ्याच्या मुळाशी आहे. आजचं इंटरनेट असंच चालतं: प्रकाश क्षीण झाला की मध्ये वाचून किंवा वाढवून पुढे पाठवतात. पण एकेका फोटॉनात क्वांटम अवस्था असेल, उदाहरणार्थ त्याचं ध्रुवण, म्हणजे कंपनाची दिशा, उभं आणि आडवं अशा दोन शक्यतांच्या मिश्रणात असेल, तर मोजताक्षणी त्यातली एकच शक्यता हाती लागते. दुसरी आणि दोघींमधलं नातं कायमचं जातं. न मोजता प्रत काढावी म्हटलं तर तेही अशक्य. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत निघू शकत नाही, हे वूटर्स आणि झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी १९८२ मध्ये सिद्ध केलं. म्हणून ही अवस्था न पाहता ठेवावी लागते आणि न पाहताच परत द्यावी लागते. स्फटिकात नोंद असते, पण ती वाचलेली नसते.

आता उपयोग. समजा, एक हजार किलोमीटरवर दोन ठिकाणं गुंतलेल्या फोटॉनांनी जोडायची आहेत. गुंतलेले म्हणजे ज्यांच्या अवस्था एकमेकींशी इतक्या बांधलेल्या, की त्या वेगवेगळ्या सांगताच येत नाहीत; या नात्याला गुंतागुंत म्हणतात. आधीच्या हिशेबाप्रमाणे १०० किलोमीटरला शंभरातला एक फोटॉन पोचतो. हजार किलोमीटरला शंभरातला एक, त्याचाही शंभरातला एक, असं दहा वेळा. एकावर वीस शून्यांमध्ये एक! सेकंदाला हजार कोटी फोटॉन सोडले तरी एक पोचायला तीनशेहून अधिक वर्षं लागतील.

ब्रीगेल, ड्यूर, सिराक आणि झोलर यांनी १९९८ मध्ये यावर वाट दाखवली. अंतराचे दहा तुकडे करा, प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांमध्ये गुंतागुंत निर्माण करा आणि मग ते तुकडे सांधून एक लांब दुवा बनवा. नुसते तुकडे करून काही साधत नाही, हे लक्षात घ्या. दहाही तुकडे एकाच क्षणी यशस्वी व्हायला हवे असतील तर शक्यता पुन्हा तेवढीच क्षुल्लक. फरक पडतो तो साठवणीने. पहिला तुकडा जुळला की तो थांबून राहतो, तिसरा जुळतो, तोही थांबतो, बाकीचे प्रयत्न करत राहतात. प्रत्येकाला सरासरी शंभरेक प्रयत्न लागतील, आणि तेही सगळ्यांचे एकाच वेळी चाललेले. शतकांचं काम सेकंदांच्या आवाक्यात आणण्याची ताकद त्या थांबून राहण्यात आहे.

याची पहिली पावलं पडलेली आहेत. गुंतलेल्या जोडीतला एक फोटॉन स्फटिकात ठेवून परत काढला तरी गुंतागुंत शाबूत राहते, हे २०११ मध्ये जिनिव्हाच्या आणि कॅनडातल्या कॅलगरीच्या गटांनी दाखवलं. बार्सिलोनाजवळच्या फोटॉनिक्स संस्थेने आणि हेफेईच्या गटाने २०२१ मध्ये दोन वेगवेगळ्या स्फटिक साठवणी एकमेकींशी गुंतवल्या. बार्सिलोनाच्या प्रयोगात दोन स्फटिकांमध्ये दहा मीटर अंतर होतं.

परत येणारा फोटॉन तोच असतो का? (गृहिणी, तत्त्वज्ञानाच्या वाचक)

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिता, ‘गेलेला संपला आणि आलेला नवा बनला, तर त्याला साठवण कसं म्हणावं?’

एका फोटॉनाला दुसऱ्यापासून वेगळं ओळखायची कसलीही खूण निसर्गात नाही. त्याची वारंवारता, दिशा, ध्रुवण, स्पंदाचा आकार आणि दुसऱ्या कणांशी असलेलं त्याचं नातं, एवढंच त्याचं असणं. यातलं सगळं जसंच्या तसं परत आलं, तर ‘तोच का’ या प्रश्नाला उरतं काय? माझं मत असं, की तोच. दुसऱ्या टोकाला असलेल्या त्याच्या जोडीदाराच्या दृष्टीने काहीही बदललेलं नसतं. गुंतागुंत मोजली तर ती पूर्वीसारखीच सापडते. ज्यांना फोटॉन हा वाटाण्याएवढा, पण फार लहान दाणा वाटतो, त्यांना हे उत्तर पटत नाही. माझे काही सहकारीही ‘नवा फोटॉन, जुनी अवस्था’ असं म्हणणं पसंत करतात. प्रयोगाने या दोन म्हणण्यांत निवड करता येत नाही.

थोडक्यात काही:

‘मोबाइलमध्ये अशी मेमरी येईल का?’ नाही. चार केल्विनची गरज आणि फोटो जपण्याचं काम यांचा मेळ बसत नाही. फोटोंसाठी काचेत लेझरने कायमच्या खुणा कोरण्याचं वेगळं तंत्र आहे. ते टिकाऊ आहे, पण तिथे माहिती आधी वाचून मग कोरलेली असते.

‘एका स्फटिकात एकच फोटॉन मावतो का?’ मुळीच नाही. जिनिव्हात २०१० मध्ये एकापाठोपाठ एक ६४ कालखंडांतले स्पंद एकाच स्फटिकात ठेवून क्रमाने परत मिळवले होते. आधी आलेला आधी बाहेर, नंतरचा नंतर. पॅरिसजवळच्या गटाने पुढच्याच वर्षी हजाराचा आकडा ओलांडला.

‘हिऱ्यात होत नाही का?’ होतं. हिऱ्यातल्या सिलिकॉनच्या दोषस्थानांमध्ये. हार्वर्डच्या गटाने २०२४ मध्ये अशा दोन साठवणी बोस्टन शहराखालच्या ३५ किलोमीटर फायबरमधून गुंतवल्या. तिथे एकेक अणू हाताळतात. तो वेगळा आणि फार सुंदर मार्ग आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन.

मग आता अडलंय कुठे? (पहिल्याच विद्यार्थिनीचा शेवटचा प्रश्न)

चांगल्या साठवणीकडून आम्हाला जे जे हवं ते सगळं कुठे ना कुठे साधलं आहे, पण एका स्फटिकात एकत्र नाही. आत गेलेल्या प्रकाशातला ६९ टक्के परत मिळाला तो प्रासिओडिमियममध्ये, कॅनबेरात, २०१० साली. तास मिळाला तो युरोपियममध्ये. शेकडो स्पंद मावले ते तिसऱ्याच स्फटिकात. शिवाय प्रासिओडिमियमला ६०६ नॅनोमीटरचा केशरी प्रकाश लागतो आणि युरोपियमला ५८० चा पिवळा, तर फायबरमध्ये सर्वांत कमी गळती १५५० नॅनोमीटरच्या आसपास, डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची.

तिथे नेमका बसतो तो एर्बियम. पण त्याच्या इलेक्ट्रॉनांचं चुंबकत्व तगडं असल्याने ते शेजाऱ्यांना आणि शेजारी त्याला सतत डिवचत राहतात. कॅनबेराच्या गटाने २०१८ मध्ये सात टेस्लाचं जोरदार चुंबकीय क्षेत्र लावून ते इलेक्ट्रॉन जागच्या जागी गोठवले, तेव्हा एर्बियमच्या केंद्रकाची आंदोलनं १.३ सेकंद टिकली. ती टिकाऊपणाची मोजणी होती. त्याच स्फटिकात फायबरमधून आलेला एकटा फोटॉन उतरवायचा, सेकंदभर ठेवायचा आणि दहातल्या नऊ वेळा परत मिळवायचा, हे काम अजून व्हायचं आहे. तू अकरावीत आहेस. पदवी होईपर्यंत हा प्रश्न सुटला नाही, तर या क्षेत्रात ये. हात कमी आहेत आणि काम फार आहे.